आपले फोटोही या गावाचेच आहेत : स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुख्यतः डंडीतल्या मराठी घरांसाठी आहे. पण तुम्ही पर्थला, अॅबरडीनला, ग्लासगोला कुठेही असलात तरी वाचा, कारण मागणं एकच आहे. तुमच्याकडे या देशात काढलेले जे जुने फोटो असतील ते शोधून काढा, त्यातल्या माणसांची नावं लिहा आणि त्यांची एक प्रत तुमच्या गावच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या. घरच्या अल्बमपुरतं मी म्हणत नाही. गावाच्या दप्तरात ते जायला हवेत.

हे डोक्यात आलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. आम्ही 2004 साली डंडीत आलो तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. चौदाव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागलेल्या, साच्यावर, म्हणजे मागावर. त्यांच्याशी बोलताना पहिल्या दिवशीच एक गोष्ट लक्षात आली. शब्द उच्चारताना त्यांचे ओठ जरा जास्तच हलत, आणि बोलता बोलता हात चालत. मला वाटलं, मी परदेशी म्हणून समजावून सांगतायत. मग कळलं की गिरणीत साच्यांच्या खडखडाटात शेजारणीचं काही ऐकूच येत नसे. बायका एकमेकींचे ओठ वाचत आणि खुणांनी बोलत. कितीजणींचे कान त्या आवाजाने कायमचे गेले. गिरणी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी ओठांची ती सवय गेली नव्हती.

एका रविवारी त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत फोटो. एक गिरणीच्या फाटकासमोरचा, तीन रांगांत बसलेल्या-उभ्या बायका, सगळ्यांना एप्रन, कडेला टोपी घातलेला मुकादम. त्याला इथे गॅफर म्हणतात. आजींनी दुसऱ्या रांगेतल्या एका बाईवर बोट ठेवलं. ती त्यांची आई. आई विणकर होती हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं, कारण डंडीत विणकर बाई आणि सूत कातणारी बाई यांत फार फरक असे. विणकर बाई हॅट आणि हातमोजे घालून कामावर जायची, कातणारी डोक्यावर शाल घेऊन. पगार दोघींचा तुटपुंजाच, पण हॅट ती हॅट.

मी फोटो उलटून पाहिला. मागे काही नाही. कोरा.

अडतीस बायका होत्या त्यात, आम्ही मोजल्या. आजींना अकरा जणी ओळखता आल्या. मी त्यांची नावं एका कागदावर उतरवून घेतली. उरलेल्या सत्तावीस जणींबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आईला विचारायला हवं होतं. आता आजीही नाहीत. तो कागद आणि फोटोची प्रत माझ्याकडे आहे, आणि त्या सत्तावीस चेहऱ्यांकडे मी अजूनही बघत बसते.

हे मला इतकं लागलं त्याला कारण आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, 1982 च्या संपापर्यंत. त्यांचा साच्यासमोरचा एकही फोटो नाही. लग्नातला आहे, ओळखपत्रावरचा आहे, गावच्या जत्रेतला आहे. ज्या जागी त्यांनी आयुष्यातली चोवीस वर्षं उभं राहून काढली, त्या जागेवरचा नाही. डंडीत पहिल्यांदा जुन्या गिरण्यांचे फोटो बघितले तेव्हा मी आधी साचे बघितले, माणसं नंतर. भोंगा इथेही होता. इथले लोक त्याला बमर म्हणत. पहाटे गावभर बमर वाजायचे आणि जिने उतरणाऱ्या बायकांनी रस्ते भरून जायचे, असं आजी सांगायच्या. लालबागच्या मुलीला यातलं काय परकं वाटणार?

डंडी हे तागावर उभं राहिलेलं शहर. ताग बंगालचा. तिथून जहाजांनी टे नदीच्या मुखाशी यायचा, इथल्या देवमाशाच्या तेलाने तो मऊ करायचे, आणि त्याची पोती, तरटं, गालिच्यांचे अस्तर होऊन जगभर जायची. इंग्रजीत पोत्याला गनी म्हणतात, तो आपलाच गोणी. लोकी भागातली कॉक्स बंधूंची कॅम्परडाउन गिरणी ही एके काळी तागाची जगातली सर्वांत मोठी गिरणी होती. तिचं 282 फूट उंचीचं रंगीत विटांचं धुराडं अजून उभं आहे. खाली घरं आणि दुकानं झालीत, धुराड्यातून धूर निघत नाही, पण लोकीत कुठूनही मान वर केली की ते दिसतंच. गिरणी 1981 साली बंद झाली. आपल्याकडचा संप त्याच्या पुढच्याच वर्षीचा. मी हे दोन आकडे शेजारी ठेवते तेव्हा मला बरं वाटत नाही.

गिरणीत बायका पुरुषांच्या कितीतरी पट जास्त होत्या, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. मुलगा अठरा वर्षांचा होऊन पुऱ्या पगाराचा झाला की त्याला पुष्कळदा काढून टाकत. मग बाई गिरणीत आणि नवरा घरी चूल सांभाळतोय, असं चित्र इथे सर्रास. अशा नवऱ्यांना गाव केटल-बॉयलर म्हणे, म्हणजे चहाचं आधण ठेवणारा. आणि मुलं अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. ज्या मेरी स्लेसरचं चित्र इथल्या दहा पौंडांच्या नोटेवर आलं, ती पुढे आफ्रिकेत मिशनरी म्हणून गेली, पण अकराव्या वर्षी ती डंडीच्या गिरणीत अशीच अर्धवेळ मजूर होती.

आता फोटोंकडे येते. डंडी हे फोटोंचंही गाव. जेम्स व्हॅलेंटाइन यांची कंपनी इथली. तिने स्कॉटलंडभरची दृश्यं टिपून पोस्टकार्डं विकली, आणि त्या चित्रांचा प्रचंड संग्रह आज नदीपलीकडे सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे. त्याच कंपनीने 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वादळात कोसळलेल्या टे रेल्वे पुलाचे फोटो चौकशीसाठी काढले. पुलाबरोबर नदीत गेलेल्या गाडीतला एकही माणूस वाचला नव्हता. पडलेला एकेक खांब, तुटलेला एकेक लोखंडी कान त्या काचेच्या निगेटिव्हवर उमटला. शंभराहून जास्त वर्षांनी अभियंत्यांनी तेच फोटो मोठे करून पुन्हा तपासले आणि पूल का पडला यावर नव्याने मांडणी केली. ज्याने कॅमेरा लावला त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने समोर होतं ते नीट टिपलं आणि कुणीतरी त्या काचा जपल्या. एवढ्यानेच ते झालं.

पण मला व्हॅलेंटाइनपेक्षा अलेक्झांडर विल्सन जवळचे वाटतात. ते हौशी छायाचित्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते कॅमेरा घेऊन डंडीच्या गल्ल्यांतून फिरले. त्यांच्या हजारो काचा आज शहराच्या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. त्यात बाजार आहे, गोदी आहे, फुटपाथवर घोळका करून कॅमेऱ्याकडे टक लावणारी मुलं आहेत. एखादं पोर मध्येच हललं की त्याचा चेहरा पुसट उमटायचा. कुठलाही मोठा प्रसंग नसताना काढलेले फोटो. जे त्या दिवशी कुणालाही रोजचंच वाटलं असतं, तेच आज कुठेही बघायला मिळत नाही.

कारण ते डंडी राहिलंच नाही. वास्तुकार विल्यम अॅडमने 1734 साली बांधलेला टाउन हाऊस, म्हणजे नगरपालिकेची इमारत, ज्याला लोक प्रेमाने पिलर्स म्हणत, तो 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला. राणी व्हिक्टोरियाच्या भेटीच्या आठवणीत गोदीवर बांधलेली कमान 1964 साली पाडली, नव्या रस्त्याच्या पुलासाठी. ओव्हरगेटच्या जुन्या गल्ल्या साठच्या दशकात गेल्या. जुन्या चाळीवजा इमारतींना मागच्या बाजूने सामायिक गॅलऱ्या असत, त्यांना डंडीकर प्लेटी म्हणतात. तिथे कपडे वाळत घालायचे, भाज्या सोलायच्या, भांडायचं, खाली खेळणाऱ्या पोराला वरून हाक मारायची. आजी प्लेटीवरच वाढल्या. त्यांनी एकदा हाताने हवेत ती गॅलरी काढून दाखवली, दार इथे, नळ इथे, शेजारीण इथे, आणि मी मध्येच म्हणून गेले, हो, आणि कठड्यावर गोधड्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर. तिथेच.

आता जे मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे ते.

या जुन्या फोटोंत दिसणारे सगळे लोक मूळचे इथलेच होते असं नाही. आयर्लंडमधून दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर हजारोंनी माणसं डंडीत आली, त्यात मुली आणि बायकाच जास्त. लोकीला तर लिटल टिपरेरी म्हणत, इतके आयरिश तिथे राहिले. त्यांचा धर्मपंथ वेगळा, बोलणं वेगळं, कमी पैशात राबतात म्हणून इथल्यांचा राग. आज लोकीच्या जुन्या फोटोत चर्चबाहेरची मिरवणूक दिसली तर कुणी म्हणत नाही की हे बाहेरचे. ती डंडीच असते. फोटो दप्तरात आहे, म्हणून ती माणसं गावाची झाली, असं म्हणायला हरकत नाही.

याउलट उदाहरणही याच गावात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर भारत आणि पाकिस्तानातून आलेले पुरुष डंडीच्या तागगिरण्यांत लागले, पुष्कळदा रात्रपाळीला. ज्या तागाच्या धाग्याचं मूळ आपल्या उपखंडात, त्याच धाग्यासाठी ते इथे येऊन उभे राहिले. त्यांचे फोटो मी शोधते तेव्हा हाताशी फार थोडे लागतात. ते असणार. कुणाच्या तरी मुलीच्या, सुनेच्या कपाटात, लाहोरला किंवा जालंधरला पाठवलेल्या पाकिटात असणार. पण गावाच्या दप्तरात दिलेच गेले नसतील, तर पन्नास वर्षांनी जो कुणी डंडीचा इतिहास लिहायला बसेल त्याला रात्रपाळी रिकामी दिसेल. दप्तर कुणाला मुद्दाम वगळत नाही. दिलं ते ठेवतं. आणि आपण देत नाही.

मी ओळखीच्यांना विचारलं तेव्हा काय काय उत्तरं मिळाली ते सांगते. आपण कुठे इथले, दोन-पाच वर्षांत परत जाऊ. हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं. ते इथे आल्याला सव्वीस वर्षं झालीत. दुसरं उत्तर, आमच्या फोटोत काय आहे, नुसत्या पार्ट्या आणि वाढदिवस. अहो, हेच तर हवं आहे! नाइनवेल्स रुग्णालयातून रात्रपाळी करून आलेली मराठी नर्स 2008 साली स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटते आहे, मागे खिडकीत बर्फ आहे, ओट्यावर इथल्या दुकानातला मैदा आहे, हा फोटो 2080 साली कुणाला मिळाला तर तो काय काय वाचेल त्यातून! तिसरं उत्तर, सगळं फोनमध्ये आहे, क्लाउडवर आहे. यावर मला स्वतःचंच सांगावं लागेल.

2005 साली आमच्या भाड्याच्या घरात पहिला गणपती बसला. मूर्ती लालबागहून हातातल्या बॅगेत आणली होती, विमानात मांडीवर. अकरा जण जमलो होतो. आरतीला टाळ दोनच, म्हणून एकाने स्टीलची ताटली वाजवली. खालच्या आजी आल्या होत्या, त्यांना मोदक हातात धरायचा कसा ते कळेना, दोन्ही हातांत पक्ष्याचं पिल्लू धरावं तसा धरला होता. नवऱ्याने छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने शंभरेक फोटो काढले. ते आणि पुढच्या सहा वर्षांचे सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर होते. 2011 साली ती डिस्क बंद पडली. दोन ठिकाणी दाखवली, पैसे भरले, काही निघालं नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटोही त्यात गेले.

एक वाचला. कारण त्या गणपतीचा एक फोटो मी कागदावर छापून आईला पोस्टाने पाठवला होता. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत, भावाच्या गुणपत्रिकांबरोबर. मागे तिचं अक्षर. मी तिला फोनवर एकेकाबद्दल सांगितलं असणार, आणि तिने प्रत्येकाचं नाव डावीकडून उजवीकडे ओळीने लिहून ठेवलं होतं. खाली, डंडी, गणपती, सन 2005. आजींच्या जागी लिहिलंय, खालच्या बाई, गिरणीवाल्या. चौथी शिकलेली माझी आई, तिने जे केलं ते मला पदवीधराला सुचलं नाही.

त्या फोटोची प्रत मी ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात दिली. टेबलामागच्या बाईंनी फोटो दोन्ही हातांनी घेतला, आईचं देवनागरी अक्षर बघितलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? मी एकेक ओळ वाचून दाखवली आणि त्यांनी ते इंग्रजीत उतरवून घेतलं. आईचं अक्षर डंडीच्या दप्तरात गेलं. मी बाहेर येऊन बराच वेळ पायऱ्यांवर थांबले होते.

तर आता कामाचं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा वळ पुढून उमटतो आणि शाई उतरते. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते, गुळगुळीत नव्या कागदावर ती उठत नाही, तेव्हा नावं वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवा. डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे. ठिकाण, साल, प्रसंग आणि फोटो कुणी काढला तेही लिहा, कारण हक्क बहुतेक वेळा काढणाऱ्याचा असतो आणि दप्तराला ते लागतं. फोटोतल्या माणसांना आधी विचारा. ज्यांची मुलं तेव्हा लहान होती ती आता मोठी झालीत, त्यांनाही विचारा, आणि कुणी नको म्हणालं तर तो फोटो बाजूला ठेवा. स्कॅन चांगल्या दर्जाचं करा, मूळ फोटो द्यायची सक्ती नसते, प्रतही चालते का ते विचारून घ्या. फोनमधले फोटो असतील तर हजार देऊ नका. वर्षाला दहा निवडा, पण त्या दहांतल्या प्रत्येक माणसाचं नाव द्या.

आणि फक्त सणांचे नकोत. आपण सण आला की कॅमेरा काढतो. मला कामावरचे हवे आहेत. प्रयोगशाळेतले, रुग्णालयातले, रात्री टॅक्सी चालवणाऱ्याचे, दुकानाच्या गल्ल्यामागचे, विद्यापीठात शिकता शिकता कॅफेत कप विसळणाऱ्या मुलांचे. माझ्या वडिलांचा नाही तो फोटो. तुमच्या मुलांना तुमचा असू दे.

दुसरं एक. तुमच्या जिन्यात, शेजारी, बस स्टॉपवर कुणी जुने डंडीकर असतील तर त्यांच्याकडे डबा असतोच. शॉर्टब्रेडचा, चॉकलेटचा, कसला तरी. चहाला जा आणि डबा उघडायला सांगा. त्यांची नातवंडं लंडनला असतात, ऑस्ट्रेलियाला असतात. ऐकायला माणूस नसतो. आपल्याला आजीआजोबांजवळ बसून ऐकायची सवय आहे, ती इथे कामाला येईल. वही घेऊन बसा. गेल्या हिवाळ्यात मी अशा तीन घरी गेले आणि फाटकासमोरच्या त्या फोटोतल्या आणखी दोघींची नावं मला मिळाली. आता पंचवीसच राहिल्या.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात एक टेबल फोटोंसाठी द्या. एक स्कॅनर, एक वही, दोन माणसं बसवा. फराळाची रांग लागते तेवढ्या वेळात पाच-सहा घरांचे फोटो सहज होतील. मी पूर्ण वेळ बसायला तयार आहे.

शेवटी एक शोध. आमच्या 2005 च्या फोटोत उजवीकडे अगदी कोपऱ्यात चष्मा लावलेला, निळ्या स्वेटरमधला एक विद्यार्थी आहे. ताटली तोच वाजवत होता. तो कुणाबरोबर तरी आला होता, एकच सेमिस्टर होता बहुतेक, नंतर दिसला नाही. आमच्यापैकी आज कुणालाही त्याचं नाव आठवत नाही. आईलाही मी सांगू शकले नसणार, कारण त्याच्या जागी तिने फक्त लिहिलंय, नागपूरचा. ग्रंथालयातही तो सध्या तसाच नोंदला गेला आहे. हे पत्र फिरत फिरत त्याच्यापर्यंत किंवा त्याला ओळखणाऱ्यापर्यंत गेलं, तर कृपया कळवा. ती एक जागा भरायची आहे.

आपली,
डंडीची एक मराठी रहिवासी